सोनीबाईंची भाकरी

शहापूर, गुरुवार, मे १९९६

सोनीबाईंच्या गर्भपिशवीची शस्त्रक्रिया आज मला रद्द करावी लागली. कारण, एक भाकरी. दर गुरुवारी कल्याणहून येणारे भूलतज्ज्ञ टेबलापाशी उभे, आणि बाई सहज म्हणाल्या, "सकाळी भाकरी खाल्ली. भावानं आनली ती."

टोकावड्याहून पहिल्या एसटीने आलेला तो भाऊ बाहेर बसला होता. मी त्याला फैलावर घेतले. तो शांतपणे म्हणाला, "डाक्तर, जीव गेलाच तं उपाशी नको जायाला बहीन माझी."

"आताच मारतो का रे मला?" बाई आतून ओरडल्या. नर्स हसल्या. मला हसता आले नाही.

'शस्त्रक्रियेपूर्वी आठ तास निरशन राहावे.' माझे छापील, निर्दोष वाक्य. कोणासाठी निर्दोष? बाईंनी तो कागद पदराला बांधून जपला होता. वाचला कोणीच नव्हता. भुलीत पोटातले अन्न वर येऊन फुफ्फुसात उतरू शकते, हे मी आज सांगितले, तेव्हा भावाचा चेहरा उतरला. "म्हंजे मीच मारली असती?"

हे आधी सांगणे माझे काम होते. लावणी सुरू झाली की बाई दिवाळीपर्यंत फिरकणार नाहीत, आणि गर्भपिशवीतून होणारा इतका रक्तस्राव सोसून त्या तोवर तग धरणार नाहीत. म्हणून पुढचाच गुरुवार. बुधवारी संध्याकाळी दोघांनाही समोर बसवून मी स्वतः समजावणार.

आणि भाकरी? भावाला बजावले आहे: अवश्य आणा, पण माझ्या हातात द्या. ती केव्हा द्यायची ते मी ठरवीन. बहीण ती खाणार, हे मात्र ठरले आहे.