कोपऱ्यातला गोल

३ फेब्रुवारी, सोमवार
अपाने आजही फोन उचलला नाही. चौदा महिने झाले!

अपा बहिरी. अशा आईशी बोलायचं तर व्हिडिओवरच. फोन आला की तिच्याकडे दिवा लुकलुकतो. म्हणजे तिला कळतं मी आहे. कळतं, आणि ती तशीच बसून राहते.

मग मेदेरला लावला. धाकटा भाऊ, मला 'एजे' म्हणजे ताई म्हणणारा. म्हणाला, "बरी आहे ती. गाय पिळते, जेवते."
"माझ्याबद्दल काही?"
"एजे, ती का रागावलीय ते तुला ठाऊक आहे. मला मध्ये घालू नकोस."
मध्ये काय घालणार डोंबल! त्याचे हात 'चहा', 'ये' आणि 'गाय' यांच्या पुढे कधी गेलेच नाहीत. अता, आमचे वडील, होते तोवर त्याला गरजही पडली नाही.

७ फेब्रुवारी
काल रात्री कार्यक्रम पावणेदोनला संपला. विषय — मुलींनी शाळेत डोकं झाकावं का. पाहुणे तीन, तिघेही एकदम बोलणारे. त्यांना आवरायला एर्मेक आहे, पण सूत्रसंचालकच सगळ्यांत जोरात ओरडतो! मी शेजारच्या खोलीत, हिरव्या पडद्यासमोर. काळा झगा, बोटात अंगठी नाही, कानात दिग्दर्शकाचा आवाज येणारं यंत्र. टीव्हीवर खाली कोपऱ्यात बशीएवढा गोल असतो, त्यात मी, सगळ्यांचं बोलणं बहिऱ्यांना हातांनी सांगणारी. हात दोन आणि तोंडं चार, मग जो जास्त तावातावाने बोलेल त्याचं सांगते. बिश्केकमध्ये सगळे भांडतच असतात अशी देशभरातल्या बहिऱ्यांची समजूत झाली असेल.

पाहुणा 'मी' म्हणाला की मीही 'मी' म्हणायचं, असा नियम आहे. काल मी खासदार झाले, मौलवी झाले, चिडलेली प्राध्यापिका झाले. घरी आले तर जिन्यात दिवा नाही. सूप गरम केलं आणि उभ्यानेच प्यायले. फार एकटं वाटलं. लिहूनच टाकते — फार एकटं वाटतं.

११ फेब्रुवारी
रंगभूषेला नवी मुलगी आलीय. "तुमचं नाव काय हो? इथे सगळे कोपऱ्यातली एजे म्हणतात."
सांगितलं — झीपार.
जाताना म्हणाली, "येते हं, कोपऱ्यातल्या एजे!"

१४ फेब्रुवारी
पुढच्या गुरुवारचा विषय कळला. मयताला बायकांनी मोठ्याने शोकगीत गावं की नाही!

निर्माती दामिरा खुशीत हात चोळतेय. "मौलवी येणार, आपले मोल्दोके, गायचं नाहीच म्हणणारे. आणि नारिनकडची तोक्तोबुबू आजी — ती स्टुडिओतच गाणार. बघच, कसा रंगतो ते!"

रंगू दे. मी रजेचा अर्ज लिहिला आणि फाडला.

१६ फेब्रुवारी, रविवार
झोप नाही. एकदाच लिहून मोकळी होते.

अता गेले तेव्हा आमच्या गावी, आत-बाशीला, अंगणात लोकरी तंबू उभारला. त्यात अतांना ठेवलं. आम्ही बायका रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून, दाराकडे पाठ. मी, माझ्या शेजारी अपा, पलीकडे आत्या. बाहेर घोड्यांच्या टापा वाजल्या, पुरुषांचा हंबरडा आला की आतून आम्ही सूर धरायचा. लेकीने आधी. बाप कसा होता ते लेकीने गाऊन सांगायचं, जग ऐकतं.

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. एकही नाही! तीन दिवस लोक येत राहिले आणि मी भिंतीच्या काड्या मोजत बसले. आत्या गात होती, मावश्या गात होत्या. मधूनच आत्या फिस्कारली, "बापाने शिकवून शिकवून शहाणी केली, आणि ऐन वेळी हिची दातखीळ बसली!"

अपाने दोनदा माझी बाही ओढली. मी वळले नाही. मयताच्या तंबूत वळायचं नसतं. आणि वळून तरी काय? रड, रड, एवढंच म्हणणार होती. तिला ऐकू येत नसलं तरी माझं तोंड बंद आहे हे तिला दिसत होतंच. चार लोकांत मी तिला मान खाली घालायला लावली. मातीनंतर तिने माझ्याकडे पाहिलं नाही ते आजतागायत.

अतांना ऐकू यायचं. तिशीत अपाशी लग्न केलं आणि त्या वयात हातांची भाषा शिकले. मला समजू लागलं तोवर घरात तोंडाने बोलणंच बंद झालं होतं. मेदेर तेवढा सदा बाहेर घोड्यांमागे, त्याचं अपाला अताच सांगायचे. शेजारी हसायचे. अता म्हणायचे, "हसू देत. माझ्या घरात कुणी कुणाचं बोलणं तोडत नाही, कारण बघितल्याशिवाय ऐकूच येत नाही!"

भुवईवर दोन बोटं टेकवली की अता. लहानपणी शिंगराने लाथाडलं होतं, त्याचा व्रण. ही खूण आमच्या घरापुरती. चौदा महिन्यांत मी ती एकदाही केलेली नाही. करणार कुणासमोर?

२० फेब्रुवारी, दुपार
मेदेरचा फोन. घोड्याच्या नालाबद्दल काहीबाही बोलला. मग सहज म्हणाला, "दर गुरुवारी या घरात झोपायची सोय नाही. अपा टीव्ही लावून बसते, सगळा उजेड माझ्या डोळ्यांवर."
गुरुवारी! आमच्या कार्यक्रमाची रात्र. मी पुन्हा नालाचंच विचारत राहिले.

२१ फेब्रुवारी
कालच्या कार्यक्रमाचं. जमेल तसं लिहिते.

पहिला तास नेहमीचा. मौलवी म्हणाले, "गळा काढून रडलं की मेलेल्याला त्रास होतो." प्राध्यापिका म्हणाली, "मोल्दोके, शोकगीत बंद केलं तर बायकांनी सांगायचं कुठे? तुमच्या मशिदीत?" टाळ्या. एर्मेक खूश.

मग तोक्तोबुबू आजी उठली. "वाद नंतर घाला," म्हणाली, "कॅमेरा तिकडे करा, मी तोंड भिंतीकडे करणार." आणि खरंच सगळ्यांकडे पाठ करून बसली! कानात दिग्दर्शकाचा आवाज — "झीपार, 'गाणं' एवढी एकच खूण कर आणि हात खाली." नियमच आहे तसा.

मी 'गाणं' केलं. हात खाली घेतले. आजीने सूर लावला — उंबऱ्याशी बांधलेला तुझा घोडा कुणाची वाट बघतो, बाबा...

हात खाली राहिले नाहीत.

आधी तिचेच शब्द सांगत होते. मग माझी दोन बोटं भुवईवर गेली. कशी गेली ते माहीत नाही. मी म्हटलं — माझा अता, भुवईवर व्रण असलेला. एका बाईसाठी तिशीत नवी भाषा शिकलेला. हातांना थंडी लागली की शब्द अडखळतात म्हणून हिवाळ्यात बोलण्याआधी हात चुलीवर शेकणारा. माझ्या आईला कधी पाठमोरी हाक न मारणारा, समोर जाऊन उभा राहणारा. मी त्याची लेक. मी गायले नाही.

'मी' म्हटलं. पहिल्यांदा तो 'मी' माझा होता.

आजीचं गाणं संपलं होतं. माझे हात चालूच होते. कानात दिग्दर्शक किंचाळत होता, "तो गोल काढा! काढा!"

२४ फेब्रुवारी
दामिराने बोलावलं. टेबलावर बहिऱ्या प्रेक्षकांचे निरोप छापून ठेवलेले.
"सगळे एकच विचारताहेत, हा व्रणवाला माणूस कोण! आजीच्या गाण्यात असं काही होतं का?"
"नव्हतं."
"मग?"
"माझे वडील."
तिने ते कागद एकत्र केले. मग म्हणाली, "एजे, वाईट वाटतं गं मला. पण दुसऱ्यांचं बोलणं दुसऱ्यांचं म्हणून सांगायला ठेवलंय तुला. आता तुझ्यावर भरवसा कसा ठेवू?"
तिचं चुकलं नाही. घडलं ते घडलं. मी ओळखपत्र टेबलावर ठेवलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
कार्यक्रम लागला. गोलात दुसरी मुलगी, चांगली करते. अपाही हेच बघत असेल. की मी दिसत नाही म्हणून टीव्ही बंद केला असेल? मैद्याचे बोरसोक तळले होते, एकटीसाठी एवढे कशाला केले कोण जाणे.

१ मार्च
पहाटे अपाचा व्हिडिओ आला. पन्नास सेकंद. आधी हात चुलीवर शेकले, मग बोलली —

"तीन दिवस सगळ्यांची तोंडं माझ्या माणसासाठी हलत होती. मला एकानेही काही सांगितलं नाही. तुझी बाही ओढली ती 'रड' म्हणून नव्हे. ते काय म्हणताहेत ते सांग म्हणून. त्या गुरुवारी टीव्हीवर सांगितलंस, पण मध्येच तुझा गोल गेला. ये, आणि पुढचं सांग. या वेळी तोंड माझ्याकडे कर."