विहिरीची किल्ली आणि उंचीप्रमाणे भांडी

तीर्थरूप भाऊजी,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (पाय तिकडे, डोकं इकडे आणि मध्ये दोन तासांचं खारं पाणी. तेव्हा नमस्कार पोचायला लाँचइतकाच उशीर होईल, तो पोटात घालावा.) तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला गेला का? गेला नसेल तर तो छातीत उतरलेला असणार, आणि गेला असेल तर असा एकाएकी का गेला हेही डॉक्टरांना विचारून घ्या. माझी तब्येत तशी ठीक आहे. म्हणजे सकाळी डाव्या कानात वारा शिरल्यासारखं होतं आणि तो दिवसभर बाहेर पडत नाही. पण इथल्या दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणतात, कानाला काही झालेलं नाही काका, तुम्हाला ऐकायचं नसतं, एवढंच.

तुमचं पत्र मिळून अडीच आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण विचार करत होतो. सुटी घालवायला तुम्ही, ताई, दोन्ही मुलगे, दोन्ही सुना आणि तिन्ही नातवंडं असे नऊ जण महिनाभर माझ्याकडे येताय हे वाचून अतिशय आनंद झाला. आनंद झाल्यावर मी थोडा वेळ भिंतीला टेकून बसलो. घर तुमचंच आहे. यावं की येऊ नये हे सांगणारा मी कोण? मी चौथीतून शाळा सुटलेला माणूस. (शाळेने मला काढलं नव्हतं, मीच शाळा सोडली होती, हे एकदा सुनांना नीट समजावून सांगा.) मी फक्त इकडची हकीकत जशी घडली तशी लिहितो. ती वाचून तुम्ही सगळ्यांनी बसून ठरवा, आणि ठरवताना ताईच्या खोकल्याचा विचार आधी करा.

बेटाला चहूबाजूंनी पाणी आहे, पण ते बघायचं. प्यायचं पाणी एकाच विहिरीला, आणि उन्हाळ्यात तीही तळ दाखवते. म्हणून उन्हाळाभर तिच्यावर लोखंडी झाकण आणि झाकणाला कुलूप असतं. सकाळी तासभर उघडायचं, माणशी एक बादली, की पुन्हा बंद. आता सव्वीस घरांची माणसं रांगेत उभी राहिली तर मासे कोण धरणार आणि पाव कोण भाजणार? म्हणून इथे माणसांऐवजी भांडी उभी राहतात. आजचं पाणी भरून झालं की प्रत्येक घर आपलं एक रिकामं भांडं उद्याच्या रांगेत ठेवून कामाला जातं. भांडं म्हणजे माणूस. दुसऱ्याचं भांडं पुढे-मागे सरकवणं म्हणजे त्याची गचांडी धरण्यासारखं आहे. नवराबायको एकमेकांशी बोलत नसले तरी भांड्याबद्दल खोटं बोलत नाहीत, अशी इथली रीत.

आणि भाऊजी, त्या कुलपाची किल्ली यंदा माझ्या गळ्यात आहे. तुम्हाला हे मुद्दाम कळवलं नव्हतं, कारण माझं चांगलं झालेलं कोणाला सांगितलं की ते बिघडतं. चाळीस वर्षं मी होड्या रंगवल्या. होडीवर नाव काढलं की येणारा-जाणारा ते नाव वाचतो, पण काढलं कोणी हे आजतागायत एकानेही विचारलं नाही. पहिला किल्लीवाला लेकीकडे राहायला गेला आणि दुपारी घरी असणारा दुसरा कोणी नव्हता म्हणून किल्ली माझ्याकडे आली. सोबत एक शिट्टी. आता सकाळी मी शिट्टी वाजवली की सव्वीस घरांची दारं उघडतात. बेकरीवाला मला अहो म्हणतो. (पूर्वी तो मला काहीच म्हणत नसे, नुसता हात करायचा.) या वयात माणसाला अजून काय हवं असतं? तर हीच किल्ली येत्या रविवारी माझ्या गळ्यातून काढून घेणार आहेत. भरसभेत. आणि माझा गुन्हा एवढाच, की मला भांड्यांची दया आली.

गेल्या गुरुवारची गोष्ट. दुपारचं ऊन असं, की धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला हात लावला तर कातडी तिथेच राहावी. मी विहिरीजवळ राखणीला बसलो होतो. रांगेत बेकरीवाल्याचं निळं प्लास्टिकचं पिंप पहिलं. (ते नेहमी पहिलं असतं, कारण कणीक सकाळी लवकर मळावी लागते.) ते पिंप मला वितळल्यासारखं वाटू लागलं. आधी वाटलं माझे डोळे वितळताहेत. मग लक्ष गेलं पत्र्याच्या डब्यांकडे. संध्याकाळी कोणा सुनेने कडीला हात घातला आणि भाजला तर बोल कोणाला? किल्लीवाल्याला. एखादा डबा उन्हाने उसवला तर? किल्लीवाल्याला. म्हणून मी एकेक भांडं उचलून जाळी ठेवायच्या शेडच्या सावलीत नेलं. सगळी सव्वीस, कंबर धरून. क्रम अगदी तोच ठेवला होता, देवाशपथ. पण भाऊजी, सावली सरकते हो! तासाभरात भांडी पुन्हा उन्हात. पुन्हा उचलली. मग सावली शाळेच्या भिंतीकडे गेली, मीही तिच्यामागे गेलो. चौथ्या खेपेला उकाड्याने डोकं असं फिरलं की कोणतं भांडं कोणाच्या पुढे होतं ते काही केल्या आठवेना. पिंप तेवढं पहिलं हे पक्कं, पण पहिलं कुठल्या टोकाने?

आता अशा वेळी शिकलेला माणूस काय करतो ते मला माहीत नाही. मी माझ्या चार वर्षांतून जेवढं आठवलं तेवढं केलं. शाळेत सकाळी आम्हाला रांगेत कसं उभं करायचे? उंचीप्रमाणे. बुटके पुढे, उंच मागे, कोणावर अन्याय नाही, कोणाचं डोकं कोणाच्या आड नाही. तशी मी भांडी लावली. नर्सबाईंचं दुधाचं पातेलं पहिलं आणि बेकरीवाल्याचं पिंप शेवटचं. रांग इतकी देखणी दिसत होती, की मी दोनदा लांब जाऊन बघून आलो.

शुक्रवारी बेटावर पाव नव्हता. बेकरीवाल्याची पाळी येईपर्यंत तास संपला आणि नियमाप्रमाणे मी झाकण लावलं. (नियम मोडला असता तर तेही माझ्याच नावावर गेलं असतं.) तो पिठाच्या हातांनी माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "अहो, तुमच्या शाळेत पावसुद्धा उंचीप्रमाणे भाजायचे का?" लोक हसले. मीही हसलो, कारण तो अहो म्हणाला होता. पण शेजारची शिवणकाम करणारी काकू हसली नाही. तिला सगळं बेट भोंगा म्हणतं, ते का, हे तुम्हाला लाँचमधूनच कळेल. ती मशीनवरून उठून दारात आली आणि ओरडली, "गळ्यात किल्ली अडकवली म्हणून डोक्याचं कुलूप उघडत नसतं!"

एवढ्यावर भागलं असतं, तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पण बुटकं भांडं पुढे येतं ही बातमी दुपारपर्यंत घरोघरी गेली. शनिवारच्या रांगेसाठी लोकांनी काय काय आणून ठेवलं, काय सांगू! बेकरीवाल्याने चहाचा कप ठेवला. विहिरीच्या कमिटीचे अध्यक्ष आणि आमचे रिटायर्ड हेडमास्तर, ज्यांना हसताना कोणी पाहिलेलं नाही, त्यांनी शाईची दौत ठेवली. नर्सबाईंनी औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवलं आणि वर मला विचारलं, "काका, एवढ्यात जमेल ना, की अजून लहान बघू?" आणि भोंगाकाकूने शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान आणून सगळ्यांच्या पुढे ठेवलं. मी शिट्टी गळ्यात घालून दिवसभर कप, दौत आणि झाकणांची राखण करत बसलो. जाणारे-येणारे वाकून बघायचे. एकाने भिंगही आणलं होतं.

संध्याकाळी वारा सुटला आणि अंगुस्तान गेलं. वाऱ्याने नेलं की पक्ष्याने उचललं, देव जाणे. मी गुडघ्यांवर बसून पूर्ण चौक चाचपला. काकूचं म्हणणं, भांडं हरवलं तरी जागा हरवत नाही, आणि राखण्याचं काम ज्याचं होतं त्याने भांड्याच्या जागी स्वतः उभं राहावं. मी राहिलो. (भांडण करण्यापेक्षा भांडं होणं बरं.) तेवढ्यात बेकरीवाला आला आणि म्हणाला, काकूचं भांडं आता साडेपाच फुटांचं झालं, उंचीप्रमाणे ते शेवटी गेलं पाहिजे. त्यावर दोघांची जी जुंपली त्यात मी दोनदा पुढे आणि तीनदा मागे गेलो. शेवटी हेडमास्तरांनी आपली दौत उचलली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "रविवारी सभा. त्या दिवशी किल्लीचा निकाल लावू." सभेची तयारी व्हावी म्हणून मध्ये एक आठवडा ठेवलाय. जाताना नर्सबाई माझ्याजवळ थांबल्या, नाक वर करून वास घेतला आणि म्हणाल्या, "सगळं बेट घामाने आंबलंय, तुमच्या अंगाला मात्र साबणाचा वास येतो हो काका." मी म्हटलं, जुना आहे, हिवाळ्यातला.

तर भाऊजी, इथे पाणी नाही, पाव भरवशाचा नाही, शेजार भोंग्याचा आहे, आणि वाऱ्यामुळे लाँच अशी डोलते की मागच्या खेपेला टपालाच्या पिशवीलासुद्धा मळमळलं असेल. तुम्हाला तीन बादल्यांशिवाय अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही हे मला ठाऊक आहे. इथे एक मिळेल, तीही मी किल्लीवाला राहिलो तर. तुम्ही येऊ नका असं मी मेलो तरी म्हणणार नाही. पण पुढच्या वर्षी आलात तर मला जास्त आनंद होईल, कारण तो पूर्ण वर्षभर पुरेल. ताईला नमस्कार, मुलांना आणि सुनांना आशीर्वाद, नातवंडांना पापे. लाँचवाला बुधवारी हे पत्र स्वतः तुमच्या हातात देईल.

तुमचा, सध्यापुरता किल्लीवाला,
मेहुणा

ता. क. पत्र बंद करणार तोच हेडमास्तर येऊन गेले, म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. वर लिहिलेलं फार मनावर घेऊ नका. इथली हवा उत्तम आहे. ताईचा खोकला या हवेत दोन दिवस टिकायचा नाही. लाँचही म्हणावी तशी डोलत नाही, टपालाच्या पिशवीचं मी आपलं गमतीने लिहिलं. शनिवारच्या लाँचने या. नऊही जण या.

ता. क. दुसरा. तुमच्यापासून काय लपवायचं? इथे एक नियम आहे तो सांगायचा राहिला. ज्याच्या घरी पाहुणे येणार असतील, त्याने पाहुण्यांचं पत्र हेडमास्तरांना दाखवायचं, आणि त्या दिवसापासून पाहुण्यामागे रोज एक बादली जास्त भरून अंगणातल्या हौदात साठवायची, म्हणजे पाहुणे आल्यावर विहिरीवर ताण नको. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी ते दाखवलं. तेव्हापासून रोज नऊ बादल्या जास्त भरतो. हौद कोरडा आहे. सकाळी चार आणि संध्याकाळी पाच बादल्यांनी मी अंघोळ करतो, भाऊजी. चाळीस वर्षं अंगाला रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास होता, तुमच्या लग्नातसुद्धा मला वाढप्यांपासून लांब बसवलं होतं. सुरुवात एका बादलीने झाली. माणूस घसरतो. रविवारी सभेआधी हौदांची तपासणी आहे, हेडमास्तर तेच सांगून गेले. पाहुणे आलेले असतील तर पाणी पाहुण्यांनी वापरलं असं होतं, नसतील तर माझ्याकडे सगळे बघणार. तेव्हा शनिवारी उतरताना नऊही जण केस ओले ठेवा आणि मोठ्याने अंघोळीच्या बादल्या मोजत चला. स्वतःची अंघोळ मात्र तिकडूनच करून या, आणि जमल्यास प्रत्येकाने एकेक कॅन पाणी आणा.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. एवढं करूनही किल्ली माझ्याकडून गेलीच, तर ती कोणाला द्यायची यावर बेटात एकमत नाही. सव्वीस घरांत कोणाचा कोणावर विश्वास नाही. म्हणून हेडमास्तरांच्या मते ती एखाद्या बाहेरच्या, वयस्क, भांडणात नसलेल्या माणसाकडे द्यावी. मी तुमचं नाव सुचवलं आणि तुम्ही महिनाभर राहाल हेही सांगितलं. त्यांना पसंत पडलं. हसल्यासारखेही वाटले. किल्ली तुमच्या गळ्यात, तुम्ही माझ्या घरात, मानही घरातच राहिला. मला कधी झाकण पहाटे उघडायचं असेल तर तुम्हाला उठवायची गरज पडणार नाही. तुम्हाला झोप किती गाढ लागते, ते ताईने मला लग्नानंतरच्या पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.