मालकाच्या नावाचा रकाना

६ मे, मंगळवार. सकाळी ११
नोकरीचा पहिला दिवस. उशीर झाला, पण पोचलो.
नारीन शहरातल्या पशुपालक सहकारी संस्थेत तात्पुरता लागलोय. काम: एका टूलचं माहितीपान लिहिणे. टूल डेटाबेसमधून नोंदींची यादी काढतं. पान माणसांसाठी नाही, एआय एजंटसाठी. एजंट म्हणजे प्रोग्राम. पानावर असेल तसंच करतो, डोकं लावत नाही. (माझ्या उलट.)
झूरा एजे (एजे म्हणजे ताई) आमच्या साहेब. म्हणाल्या, "पान चुकलं तर एजंटची यादी चुकेल, यादी चुकली तर डॉक्टरांची गाडी चुकेल." वीस तारखेला घोड्यांना लस. लशीचा कागद नसेल तर घोडे उन्हाळी कुरणावर सोडत नाहीत. पान जमलं तर मी महिनाअखेर कायम. नाही जमलं तर वडिलांबरोबर कुरणावर, घोड्यांच्या शेपटामागे.
दोन दिवसांत देतो म्हटलं. एका दुपारचं काम आहे, पण तसं सांगितलं तर लोक हलकं समजतात.

७ मे
दुपारी लिहायचं म्हणून सकाळ मोकळी ठेवली. दुपारी मित्राने नवी मोटरसायकल आणली. कुणीतरी बघायला हवी होती.

८ मे. दुपारी ४
वहिनीचा फोन. ती गावात बसून संस्थेच्या नोंदी भरते, घोड्यांच्या आणि माणसांच्याही. म्हणाली, "ए उद्या, ऐक. नावाच्या रकान्यात मी सासरच्यांची खरी नावं लिहिली नाहीयेत. जी तोंडानं घेत नाही ती बोटानं कशी घेऊ? तेवढं तुझ्या पानावर लिही."
लिहितो म्हटलं. "कधी?" म्हणाली, आणि मी बोलायच्या आत स्वतःच हसत सुटली.
वहिनी मला 'उद्या' म्हणते. दिराचंही नाव घ्यायचं नसतं, म्हणून लग्न होऊन आल्या आल्या ठेवलेलं नाव. माझं उज्ज्वल भविष्य तिला पहिल्याच आठवड्यात दिसलं.

९ मे
सुट्टी. सुट्टीत काम केलं तर सुट्टीचा अपमान. कोकबोरूचा सामना बघायला गेलो. घोडेस्वार मेलेल्या बोकडासाठी झोंबत होते. जिंकलेल्या संघाबरोबर त्यांच्या गावी जेवायला गेलो.

१३ मे
जेवण लांबलं.
वहिनीने रकान्याबद्दल काहीतरी लिहायला सांगितलं होतं. काय ते आठवत नाही. महत्त्वाचं असेल तर पुन्हा फोन करेल.

१५ मे. सायंकाळी ५
पान पूर्ण. तीन नियम.
१. टूलला गावाचे नाव द्यावे. २. टूल यादी देईल. ३. नोंदीतील नाव सरकारी रजिस्टरात न सापडल्यास नोंद कचरा समजून गाळावी.
तिसरा पूर्णपणे माझा. दोनच नियमांनी पान बोडकं दिसत होतं.
झूरा एजेंनी विचारलं, नोंदी भरणारीशी बोललास ना? म्हटलं, ती आमच्या घरचीच आहे.

२१ मे
काल गाडी गावात जाऊन आली. एकतीस घरं वगळून. एकतीसही आमच्या भावकीतली. म्हणजे वहिनीच्या सासरची.
माझ्या वडिलांचं नाव तेमीर, म्हणजे लोखंड. वहिनीने लिहिलंय 'कडक'. बोरोनबाय काकांच्या नावात हिमवादळ आहे. तिथे 'डोळ्यांत जाणारे'. एजंटने सगळे कचऱ्यात काढले. कुठे अडखळला नाही, यावरून पान किती सुबोध आहे ते कळतं.
झूरा एजे म्हणाल्या, "जोल्चू, गावात जा, खरी नावं आण. आणि तो तिसरा नियम आत्ता खोड."
म्हटलं, आधी गाव, मग नियम. कामात क्रम हवा.

२२ मे. गावात
दारोदार फिरलो. घरात सुनाच. 'कडक' कोण, हे मला ठाऊक होतं, पण तपासलेलं बरं म्हणून विचारलं. एक म्हणाली, "लोहार ठोकतो ते." दुसरी म्हणाली, "तुझ्या घरी बसलेत ते. वेड पांघरतोस का रे?" आठ घरं, चहाचे अकरा कटोरे, नावं दोन.
घरी आलो. वडिलांनी एक कटोरा संपायच्या आत एकतीसही नावं सांगितली. वर म्हणाले, "फोनवर विचारलं असतंस तरी सांगितली असती."
मग बराच वेळ घोडीच्या मानेवर हात फिरवत राहिले. शेजारच्या गावचे काल वर कुरणावर गेले. झऱ्याजवळची आमची जागा त्यांनी धरली. आजोबांपासूनची होती.
मी म्हटलं, उद्या गाडी येईल.
"उद्या ना," वडील म्हणाले. ते विनोद करत नाहीत, त्यामुळे काय म्हणायचं होतं ते कळलं नाही.

२६ मे
गाडी आली. थोडा उशीर झाला. सगळ्या घोड्यांना लस, सगळ्यांना कागद. माझ्यामुळे.
नियम खोडायचा राहिलाय. सकाळी पहिलं तेच.

३० मे, शुक्रवार
कायम करायच्या माणसांची यादी लागली. एजंटनेच काढली, त्याच टूलने. माझं नाव नाही.
झूरा एजेंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. गाळलेल्या नोंदी: एक. कर्मचाऱ्याचे नाव: उद्या. असा माणूस रजिस्टरात नाही. नियम तीनप्रमाणे कचरा.
म्हटलं, हाताने घाला. म्हणाल्या, "घातलं असतं रे. पण हा नियम खोडायला मी तुला नऊ दिवसांपूर्वी सांगितलं होतं."
वहिनीला फोन केला. माझं नाव तरी खरं लिहायचंस. ती म्हणाली, "म्हणून तर सांगितलं होतं, तुझ्या पानावर लिही."

१ जून. वाटेत
घोड्यांबरोबर वर चाललोय. थोड्याच दिवसांसाठी.
वहिनीने काल माझा तिसरा नियम खोडला आणि एक ओळ घातली: नाव जुळले नाही तर गाळू नये, घरी विचारावे. सहा मिनिटं लागली म्हणे. भाषा फारच साधी आहे.
वर निवांतपणे अख्खं पान नव्याने लिहिणार आहे. वडिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, कधीपासून?
उत्तराऐवजी घोड्यांना हाकारलं. खरं उत्तर दिलं असतं तर मी माझं नाव सांगतोय असं त्यांना वाटलं असतं.