मागच्या खोलीची कडी

मी, धंद्याने सुतार, वय बावन्न, सातवीपर्यंत शाळेत आणि पुढे वाचनालयात शिकलेला, येत्या सोमवारी छातीचे ऑपरेशन असल्याने हे मृत्युपत्र स्वहस्ते, कोणी न सांगता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास खालील मापे टेप लावून पाहावीत.

१. बँकेत आहे ते पत्नीचे. तिला कोणी सल्ले देऊ नयेत.

२. हत्यारे मुलीची. पटाशीला धार दगडावरच लावावी, मशीनवर नव्हे. तिला माहीत आहे, तरी लिहितो.

३. या घरात आम्ही आधी भाड्याने राहत होतो; पुढे ते मी स्वतःच्या कमाईतून विकत घेतले, वडिलोपार्जित नाही. पुढच्या खोल्या पत्नीला. मागची खोली, दहा फूट दोन इंच बाय नऊ फूट, मोरीसह, तिथेच राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, पूर्ण मालकीने.

यावर माझा थोरला भाऊ, दादा, हरकत घेईल. दोन वर्षे तो म्हणतोय, "तुझा तो जनानखाना पाड आणि दुकानाचा गाळा काढ." शब्द काढलाच म्हणून मी दोन कोश पाहिले. फारसीत 'झन' म्हणजे बाई, 'झनान' म्हणजे बायका, 'खाना' म्हणजे घर. बायकांचे घर, एवढेच. कडीकुलूप त्या शब्दात कुठेही नाही. ते आमच्यासारख्यांनी मागाहून बसवले.

हे मी ऐकीव सांगत नाही. ताईने घरी न विचारता नर्सिंगच्या परीक्षेचा अर्ज भरला, तेव्हा वडिलांनी मला या खोलीला बाहेरून कडी बसवायला सांगितली. मी सोळा वर्षांचा. पहिलेच स्वतंत्र काम. चारही स्क्रू एका रेषेत बसले, वडिलांनी पाठ थोपटली. ताईने आतून दार ओढून पाहिले आणि म्हणाली, "छान बसवलीस रे. जरासुद्धा हलत नाही." टोमणा नव्हता. माझे प्रत्येक काम ती असेच तपासायची. परीक्षा होऊन गेल्यावरच दार उघडले.

४. वडील गेले त्याच आठवड्यात ती कडी मी काढून आतल्या बाजूला लावली. बाहेर चार भोके राहिली. रंगकाम निघाले की ताई म्हणते, "बुजव रे आता, मुंग्या घर करतील." माझा हात धजत नाही. ती दुसऱ्या कोणीही बुजवू नयेत. भोके बुजवायच्या लांबीचा डबा आणि ती भरायचा पत्रा तिच्या फळीवर ठेवला आहे. तिला वाटले तर, वाटेल तेव्हा, तिनेच.

साक्षीदार :
शेजारचे शिंपीकाका (सही)
वाचनालयाच्या बाई (सही, कोशातला अर्थ मीही पाहिला आहे)

सही : सुतार
स्थळ : मागच्या खोलीबाहेरची पायरी. ताई आत आहे. कडी तिने लावली आहे.
गुरुवार, तारीख १४