हरण्यासाठी खेळलेली मॅच

आबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि तुम्हाला लिहावं असं आजवर कधी वाटलं नाही. आज दुपारी एक फोन आला आणि माझं डोकं फिरलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, शुक्रवारच्या फुटबॉलसाठी एवढा संताप कशाला, पन्नाशीला आलात. तुम्ही तसं म्हणाला नसता. फाउंड्रीतली पाळी संपली की केसांतली वाळूसुद्धा न झटकता तुम्ही थेट मैदानावर यायचात. पंचवीस वर्षं तालमीच्या फुटबॉल टीममध्ये बॅकला खेळलेला माणूस तुम्ही. हे तुम्हालाच कळेल.

मी इथे बहरीनमध्ये मीना सलमान बंदरावर एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे, जहाजांचे पंप दुरुस्त करतो. शुक्रवारी सुट्टी. बुदैयाच्या रस्त्याला एक मैदान आहे, तिथे आपल्या भारतीय लोकांच्या आठ टीमची लीग चालते. वेल्डर, ड्रायव्हर, बँकवाले, सगळे खेळतात. त्यातल्या एका टीमचा मी कोच आहे. या लीगमध्ये एक नियम आहे. दर वर्षी जे नवे खेळाडू नाव नोंदवतात, त्यांच्यातून पहिली निवड शेवटच्या नंबरच्या टीमने करायची. याला ड्राफ्ट म्हणतात. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. दुबळ्या टीमला हात मिळावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण माणसं कशाचं काय करतील सांगता येत नाही.

मागच्या एप्रिलमध्ये शेवटची मॅच उरली होती. आम्ही आणि निळ्या जर्सीवाली एक टीम, दोघे तळाशी बरोबरीत. आमचीच एकमेकांशी मॅच. जो हरेल तो शेवटचा, आणि पहिली निवड त्याची. त्या वर्षी केरळचा एक पोरगा नव्याने नोकरीला आला होता, राज्याकडून खेळलेला. सरावात त्याला सगळ्यांनी पाहिलं होतं. बॉल त्याच्या पायाला चिकटल्यासारखा राहायचा. बुधवारी आमच्या टीमच्या मॅनेजरांनी मला सीफमधल्या मॉलमध्ये कॉफीला बोलावलं. हे मुंबईचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. लॅपटॉप उघडून बसले होते.

"कोच, इमोशनल होऊ नका," ते म्हणाले. "ही एक मॅच सोडायची. तो पोरगा आपल्याकडे आला की पुढचे दोन-तीन सीझन आपलेच. जगात मोठ्या मोठ्या लीगमध्ये हेच करतात. स्ट्रॅटेजी आहे ही."

मी म्हटलं, "निळ्यांनी मागच्या वर्षी हेच केलं होतं. शेवटच्या पाच मॅच मुद्दाम हरले, पहिली निवड घेतली. आज कुठे आहेत? आपल्या शेजारी."

"त्यांनी चुकीचा प्लेअर घेतला."

आबा, प्लेअर चुकीचा नव्हता. चांगला स्ट्रायकर होता तो, दोन महिन्यांत कंपनीने त्याला सौदीला पाठवलं, हा भाग वेगळा. पण तो होता तेव्हाही ते हरतच होते. उरलेल्या दहा जणांना दोन महिने सांगितलं होतं की धावू नका, अडवू नका. मग ऑक्टोबर आला की ते एकदम धावायला लागतील? कसे? पायाला एकदा सवय लागली की ती जात नाही. पंपाचा पट्टा बदलावा तशी माणसाची जिद्द बदलता येते असं या लॅपटॉपवाल्यांना वाटतं. हे मी त्यांना नीट सांगू शकलो नाही. कॉफी पिऊन उठलो.

आमचा गोलकीपर भंडाऱ्याकडचा, इलेक्ट्रिशियन. अकरा वर्षं आमचा गोल त्याने राखला. भेटला की लांबूनच जय भीम म्हणायचा, मीही म्हणायचो. त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं, दहा दिवसांनी तो कायमचा घरी जाणार होता. त्याआधी त्याने बायकोला आणि मुलीला व्हिजिट व्हिसावर बोलावलं होतं. मुलगी बारा वर्षांची. बापाला खेळताना ती पहिल्यांदाच बघणार होती. बाकीच्या पोरांना मॅनेजरांनी परस्पर फोन केले होते; याला मॅचच्या आधी पार्किंगमध्ये मी मॅनेजरांचं म्हणणं सांगितलं. तो हातमोजे घालता घालता थांबला.

"सर, मी बॉल सोडू काय?" तो म्हणाला. "पोरगी बसली आहे तिथं. तिले मी काय सांगू?"

मी गाडीतून बॉलची जाळी काढायला लागलो.

"मले नाही जमत, सर." एवढंच म्हणून तो मैदानात गेला.

त्या दिवशी जे झालं ते पाहून तुम्ही मैदानातून उठून गेला असता. दोन्ही टीमना हरायचं होतं. आमचे फॉरवर्ड गोलसमोर उभे राहून बॉल आभाळात मारत होते. निळ्यांच्या बॅकने स्वतःच्याच गोलकडे फटका मारला, तो खांबाला लागून परत आला. बघणारे हसत होते, कुणीतरी ओरडलं, "यल्ला, खलास करो!" रेफरी दोनदा खेळ थांबवून दोन्ही कॅप्टनना दम देऊन गेला. मग आमचाच बचावातला स्टॉपर बॉल घेऊन वळला आणि त्याने आमच्याच गोलवर जोरात मारला. आमच्या कीपरने उजवीकडे झेप घेतली आणि तो अडवला. तिकडे मुलगी उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. तिला वाटलं, फुटबॉल असाच असतो. तीन वेळा त्याने आपल्याच माणसांचे फटके अडवले, आणि प्रत्येक वेळी ती टाळ्या वाजवत होती.

हाफ टाइमला मॅनेजर माझ्या कानाशी म्हणाले, "कीपर बदला." आणि मी बदलला. आबा, मी बदलला. तो पुन्हा गोलकडे निघाला होता, त्याला हात करून बाहेर बोलावलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, हातमोजे काढून गवतावर नीट ठेवले, "ठीक आहे, सर," म्हणाला आणि मुलीशेजारी जाऊन बसला. तिने विचारलं, "पप्पा, काऊन आले तुम्ही?" तो म्हणाला, "दुखते थोडं." ती त्याचा खांदा दाबायला लागली.

आम्ही एक-शून्य हरलो. हरल्यावर आमची पोरं एकमेकांना मिठ्या मारत होती आणि जिंकलेले मान खाली घालून बसले होते.

तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. मी पंधरा वर्षांचा आहे. आमच्या पोरांच्या टीमने गटातली शेवटची मॅच सोडली आहे, कारण हरलो की सेमीफायनलला सोपी टीम मिळते. मी बॅकला होतो, त्यांचा फॉरवर्ड माझ्या शेजारून गेला आणि मी घसरल्यासारखं केलं. आई भाकरी थापते आहे. तुम्ही ताटावर बसलात, पण हात लावला नाहीत.

"पाय घसरला व्हय रं?"

"हो."

"घसरल्याला पाय मला कळतो. हरलास त्याचं काय न्हाई. पर त्या पोरानं गोल मारला असं त्याला वाटतंय, आणि त्यानं मारलाच न्हाई. उद्या त्याच्या घरी जाऊन सांग त्याला."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. त्याच्या आईने माझ्या हातावर पेढा ठेवला, म्हणाली, आमच्यानं पहिला गोल मारला काल. मी पेढा खाल्ला आणि परत आलो. तुम्ही विचारलंत, सांगितलंस का, मी हो म्हणालो. तुम्ही विश्वास ठेवलात की नाही, ते मला आजही माहीत नाही.

सप्टेंबरमध्ये केरळचा पोरगा आम्हाला मिळाला. गुणी आहे, नम्र आहे. पहिल्याच सरावानंतर बूट सोडताना त्याने मला विचारलं, "सर, मेरे लिए हारे थे ना आप लोग? मेरा सीझन खराब गया तो किसी और के लिए हारोगे?" मी म्हटलं, असं काही नाही. त्याने मान हलवली, पण पटलं नसावं. तो गोल मारतो, जवळजवळ प्रत्येक मॅचमध्ये मारतो. पण आमच्यावर त्याहून जास्त होतात. नवा कीपर बॉल आला की आधी माझ्याकडे बघतो. त्या दिवशी आमच्याच गोलवर मारणारा स्टॉपर आता सरावाला येतच नाही, फोन केला तर म्हणतो, शिफ्ट आहे. आज आम्ही पुन्हा तळाशीच आहोत, आठांत सातवे.

आणि आज दुपारी मॅनेजरांचा फोन आला. "कोच, चार मॅच उरल्यात. या वर्षी दोन गोव्याचे येतायत. विचार करा." विचार करा! मी म्हटलं, मला विचार करायचा नाही, माझी टीम जिंकायला उतरेल, आणि तुम्हाला ते नको असेल तर दुसरा कोच शोधा. कमिटीलाही सांगितलं की हा नियम काढा, नव्या पोरांच्या चिठ्ठ्या टाका. ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू, इंशाल्ला. दुबळ्यासाठी केलेल्या नियमाने माणसं मुद्दाम दुबळी होतात, आणि हे कुणाला खटकत नाही! भंडाऱ्याच्या त्या माणसाने अकरा वर्षं उन्हात झेपा घेतल्या, आणि निघताना त्याला काय मिळालं? त्याला फोन करायला मी दहा महिने झाले धजलेलो नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? वहीतच राहील. मॅनेजरांना मी पानभर शिव्या घातल्या, त्या खऱ्या आहेत, त्यातली एकही मागे घेत नाही. पण तुमच्यापासून लपवून उपयोग नाही, आबा. त्या दिवशी बॉल आमच्या जाळ्यात गेला तेव्हा मी मनातल्या मनात हुश्श म्हणालो होतो. केरळचा तो पोरगा मलाही हवा होता.