‘थांब’चा बाण

३ मार्च
पेशंटला हाताला धरून चालवणारा यंत्रमानव तपासायचाय. नेमका बाबांच्याच शुश्रूषागृहातला! साहेबांना म्हटलं, माझे वडील तिथे आहेत, दुसऱ्या कुणाला द्या. म्हणाले, मग तुम्ही जास्त बारकाईने बघाल. म्हणजे दुसरं कुणी मोकळं नाही.

४ मार्च
आराखडा पाहिला. तीन मजली — खाली चाकं आणि हात, मध्ये कान-डोळे, वर मेंदू. रंगीत चौकटी, बाण. लग्नपत्रिकेइतका देखणा.
बाबांनी त्याचं नाव ‘जावईबापू’ ठेवलंय. आमच्या ह्यांच्या देखत! का, तर ‘हो’ म्हणतो आणि स्वतःच्या मनाचंच करतो. सगळे हसले. मीही.

६ मार्च
हसायला नको होतं. बाबांच्या चालण्याच्या नोंदी काढल्या. हल्ली व्हरांड्यातल्या तिसऱ्या दारापाशी बाबा ‘थांब’ म्हणतात. तो ‘हो’ म्हणतो आणि दोन पावलं पुढे नेतो. रोज. आराखड्यावर बोट ठेवून बाण शोधला. ‘थांब’ चाकांकडे जातच नाही! आधी वर मेंदूकडे जातं. मेंदू ठरवतो, थांबणं पेशंटच्या हिताचं आहे का.
ज्याने ही रचना केली त्याला गाठलं. म्हणाला, मॅडम, पेशंट कंटाळून थांब म्हणतात. ऐकत बसलो तर कुणी चालणारच नाही. त्यात तथ्य आहे, हीच पंचाईत. बाबा पंधरवड्यात पहिल्या दारावरून तिसऱ्यावर आले ते या चोरट्या दोन पावलांमुळेच. पण पडले असते तर?

७ मार्च
बाबांना विचारलं, तो थांबत नाही हे मला सांगितलं का नाही?
“तुला तरी कितीदा सांगितलं, मला इथे नको म्हणून.”
माझ्याही वरच्या मजल्यावर कुणीतरी त्यांचं हित ठरवत बसलेलं होतंच की.

९ मार्च
‘नापास’ लिहून सही केली. ‘थांब’चा बाण थेट चाकांकडे न्या, मध्ये कुणी शहाणपणा करायचा नाही. यंत्र दुरुस्तीला गेलं. पेशंटना चालवायचं काम आता परिचारिकेवर आलंय; ती माझ्याशी बोलत नाही.

१६ मार्च
बाबा पलंगावरच. कुणी हात धरला तरी उठत नाहीत. ‘जावई रुसला का?’ विचारतात.
माझी सही बरोबर होती. झोप मात्र येत नाही.

२४ मार्च
जावईबापू परतले. तिसऱ्या दारापाशी बाबा म्हणाले, “थांब.” थांबला. जागच्या जागी. पुन्हा चालवलं, पुन्हा थांबवलं. चारदा! माझ्यापेक्षा कडक तपासनीस. मग स्वतःच म्हणाले, “चल.”
पाचव्या दारापर्यंत गेले.

२५ मार्च
बाबा पुन्हा म्हणाले, मला इथे नको.
त्यांची पिशवी भरली. आमच्या घरात दारं चारच आहेत.