कॅथेड्रलच्या फलकावरील ‘अंधारा’बाबत

प्रति,
मा. प्रमुख, सांस्कृतिक विभाग,
जिल्हा प्रशासन, झारेचेन्स्क.

विषय : पुन्हा उभारलेल्या संत निकोलाय ऑर्थोडॉक्स कॅथेड्रलच्या इतिहासफलकातील एक वाक्य बदलण्याबाबत.
संदर्भ : दारावर डकवलेला कच्चा मसुदा.

महोदय,

मी खाली सही करणारी, कॅथेड्रलमध्ये मेणबत्त्या विकते. गेल्या शनिवारी मेणबत्त्यांची पितळी तबके घासता घासता माझी आई पलागेया इग्नात्येव्हना पुटपुटली, “अंधार म्हणे. मग ते एवढाले दिवे काय चंद्राने लावले होते?” तेव्हापासून ती आत येत नाही, बाहेर पायरीवर बसून प्रार्थना ऐकते. यंदा थंडी लवकर पडली आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

१. मसुद्यानुसार घुमट पाडल्यापासून पुनर्बांधणीपर्यंत ‘ही वास्तू अंधारात मृतवत पडून होती’. सोव्हिएत राजवटीत घुमट पाडला, घंटा वितळवल्या, धर्मगुरूंना नेले ते परत आले नाहीत, हे सर्व खरे आहे व ठळक अक्षरांत यावे. ते धर्मगुरू आईचे सख्खे आजोबा.

२. परंतु पुढे तेथे क्रीडागृह झाले, छताला मोठाले दिवे लागले, आणि डेअरीतल्या बायकांचा व्हॉलीबॉल संघ तेथे सराव करू लागला. त्याला मृतवत म्हणणे अवघड आहे. आज प्रार्थनेला पुढे उभ्या राहणाऱ्या आज्या त्याच. अजूनही तीन पुढे, तीन मागे अशाच उभ्या राहतात. आताचे धर्मगुरू फादर येवसेवी यांना ती भक्तीची शिस्त वाटते. आम्ही त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

३. मसुदा लिहिणाऱ्या संग्रहालयाच्या बाईंच्या मते खेळाच्या उल्लेखाने पावित्र्यास बाधा येते. आज्यांना विचारावे, तर एकीला गुडघा आठवतो, दुसरीला रक्तदाब. खेळ कुणालाच आठवत नाही.

४. घुमट नवा असला तरी भिंती जुन्याच आहेत. परवा रंगाऱ्याला उंच खिडकीच्या कोनाड्यात एक व्हॉलीबॉल सापडला, वाळल्या भोपळ्यासारखा. काल प्रार्थना सुटल्यावर फादर तो घेऊन पायरीवर आले आणि कुणाचा म्हणून प्रेमाने विचारू लागले. सगळ्या आज्या घुमटाकडे बघत राहिल्या, जणू तो आत्ताच उगवला होता.

सबब, सदर वाक्य काढून तेथे क्रीडागृहाची एक ओळ घालावी, ही विनंती. ओळ मला रचता येत नाही, म्हणून आई त्या वेळी फादरना जे म्हणाली तेच जसेच्या तसे देते :

“माझाच आहे तो, फादर. आजोबांना इथूनच नेलं, मला ठाऊक आहे. तरीपण या भिंतींच्या आत आम्ही फार सुखात होतो.”

उत्तराची वाट पाहणारी,
रईसा व्लासोव्हना शुबिना
झारेचेन्स्क, १९ ऑक्टोबर